मे महिन्यात मोजलेली थंडी

आमच्या घरात क्रांती रोज सकाळी सहा वाजता पेटायची. बाबा छापखान्यात कामाला होते. चुकलेली, उरलेली, शाई पसरलेली पत्रकं ते पिशवीत भरून घरी आणायचे. आधी मी ती वाचायचे, मग आई ती बंबात घालायची. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. पाहुणे आले की बाकीच्या घरातली मुलं कविता म्हणून दाखवायची. मी स्टुलावर उभी राहून 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' असं खणखणीत म्हणायचे, आणि आई मोरीच्या दाराशी बसून त्याच बंधूंना आणि भगिनींना एकेक करून जाळायची. पाणी झकास तापायचं.

पत्रकांनी आग लागते, टिकत नाही. ही गोष्ट आईला माझ्याआधी वीस-एक वर्षं ठाऊक होती. आग टिकवायला लाकूड लागतं. ते बाबा लकडगंजातून आणायचे. तिथल्या आरा मशीनींसमोर पडलेल्या ढलप्या पोत्यात भरून सायकलला बांधायचे. बंब तांब्याचा होता, आईच्या लग्नातला. मोरीला खिडकी नव्हती. धूर आधी आईच्या छातीत जायचा आणि तिथे जागा उरली नाही की मग घरात पसरायचा.

नागपूरला थंडी असते हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. त्यांना इथे फक्त ऊन आणि संत्री दिसतात. डिसेंबरच्या पहाटे आमच्या वस्तीतल्या नळाखाली हात धरून बघायला त्यांना एकदा बोलवायला हवं. वस्तीतली निम्मी माणसं सातच्या आत कामावर पोचणारी. झाडू खात्यातली, दवाखान्यात आयाचं काम करणारी, रिक्षा चालवणारी. सगळ्यांना गरम पाणी लागणार ते पाच ते सातच्या दरम्यान. कुणी सांगितलं म्हणून नाही, सातला हजेरी लागते म्हणून.

आईचा खोकला मी लहान असताना हिवाळ्यात यायचा. मी कॉलेजात गेले तोवर तो बारमाही झाला. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "विडी ओढता का?"

आई म्हणाली, "मी नाही जी. बंब ओढते."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, धूर बंद. यापुढे एक दिवसही नको. तिला वाफेचं औषध देणारं एक छोटं यंत्र लिहून दिलं, विजेवर चालणारं. आम्ही ते घेतलं, आणि एक गिझरही घेतला. तो लावण्याआधीच योजना आली.

योजनेचं नाव मोठं होतं, त्यात 'हरित' दोनदा होतं. अर्थ एवढाच की वस्तीतले बंब आणि चुली जाणार, पाणी विजेवर तापणार, विहाराच्या आणि शाळेच्या गच्चीवर सोलर बसणार, आणि चौकातला जुना ट्रान्सफॉर्मर काढून नवा येणार. तो किती मोठा हवा हे ठरवायला घरोघरी सर्व्हे होणार. इथवर सगळं ठीक होतं. अगदी खरं सांगायचं तर योजना चांगली होती, आणि म्हणूनच मला ती संशयास्पद वाटली.

सर्व्हे आला मे महिन्यात. हिवाळ्याच्या गरम पाण्याचं नियोजन करायला माणसं दुपारी दोन वाजता, डोक्याला ओला दुपट्टा बांधून आली. नागपुरात भार म्हणजे कुलर, असं त्यांना वरून सांगितलेलं होतं. त्यांनी कुलर मोजले, पंखे मोजले, कुलरच्या पाण्याच्या मोटरी मोजल्या. फॉर्मच्या मागच्या पानावर अगदी शेवटी एक ओळ होती, 'गिझर आहे का, किंवा घेणार आहात का'. त्या उन्हात तो प्रश्न विचारताना त्या माणसांनाच लाज वाटत होती.

पण ही त्यांची चूक. माझी याहून सुबक होती.

त्या वर्षी माझ्या अंगात पत्रक संचारलेलं होतं. वीज खाजगी होणार, मीटर बदलणार, असं चौकाचौकात चाललेलं. मी एका बैठकीत बसून अडीचशे शब्दांचं पत्रक लिहिलं. मथळा होता, 'हा सर्व्हे नव्हे, सापळा आहे!' आत सांगितलं होतं की आज गिझर लिहाल तर उद्या मंजूर भार वाढवतील आणि परवा बिल. म्हणून त्या रकान्यात 'नाही' लिहा. एकजूट दाखवा. बाबांनी मजकूर तपासला आणि आणखी दोन उद्गारचिन्हं घातली. चाळीस वर्षांचा अनुभव होता त्यांना.

वस्तीने काय एकजूट दाखवली! एकही घर फुटलं नाही. ज्या काकूंच्या मोरीत गेली तीन वर्षं गिझर लटकत होता, त्या समोरच्या काकूंनी त्याच्यावर परकर वाळत घातला आणि सर्व्हेवाल्याला म्हणाल्या, "आमच्याकडे कायचा गिझर जी? आमी गरीब लोक."

आमच्या घरी गिझर खोक्यातच होता. त्याच्यावर चादर टाकून आई वर बसली. फॉर्म मीच भरला. त्या रकान्यात 'नाही' लिहिलं, खाली ठसठशीत रेघ मारली. माणूस गेल्यावर आई म्हणाली, "काहून वं, खोटं काहून लिहिलं? आपल्याले तर लावाचा हाये ना?"

"आई, हे धोरणात्मक आहे."

"असं," आई म्हणाली आणि खोक्यावरून उतरली. उतरताना तिला दम लागला होता.

दिवाळीनंतर समारंभ झाला. नवा ट्रान्सफॉर्मर हार घालून उभा होता, जुन्यापेक्षा थोडासाच मोठा. वस्तीतले बंब हातगाडीवर गोळा करायचे होते. लोक भलते हुशार. कुणी गळका डबा आणला, कुणी फुटकी घागर, आणि त्यावर टाळ्या घेतल्या. आमच्या आईने मात्र खरोखर तिचा बंब आणला, चिंचेने घासून लख्ख केलेला. पाहुण्यांनी त्याच्याच बाजूला उभं राहून फोटो काढले. त्यातले एक म्हणाले, "बाई, वाईट वाटत असेल ना? आठवणी असतील."

"हो ना जी," आई म्हणाली आणि छातीवर हात ठेवला. "सगळ्या इथीच जमा हायेत."

सोलरची पाटीही लागली. दुपारी बारा वाजता ते पॅनल अशी काही वीज करत की पाहुणे भारावून गेले. दुपारी बाराला वस्तीत आंघोळ कोण करतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी तेव्हा वेगळ्या पत्रकात गुंतले होते.

डिसेंबरात गारठा पडला. परकर निघाले, चादरी निघाल्या, खोकी उघडली. ज्या वस्तीत सरकारी कागदावर एकही गिझर नव्हता, तिथे सकाळी सहाला घराघरातून गिझरचे लाल दिवे लागले. पहिल्या दिवशी बल्ब दमल्यासारखा पिवळा पडला. दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट मिचमिचली. तिसऱ्या दिवशी सव्वासहाला चौकातून फ्यूज उडाल्याचा फटाक्यासारखा आवाज आला आणि सगळी वस्ती काळी झाली.

सातची हजेरी कुणासाठी थांबत नाही. पाच मिनिटांत अंगणाअंगणात तीन विटा मांडल्या गेल्या आणि जे हाताला लागेल ते पेटलं. टायरचे तुकडे, जुनी चप्पल, खोक्याचे पुठ्ठे. वारा नव्हता. आमच्या घरात विस्तव नव्हता, पण धूर शेजारच्यांचा आहे म्हणून दारात थांबत नाही. आईला उबळ आली आणि ती थांबेना. मी वाफेचं यंत्र तोंडाशी धरलं, बटण दाबलं, आणि मग मला कळलं की यंत्रसुद्धा विजेवरच चालतं.

पुढचा अर्धा तास मला नीट सांगता येत नाही. समोरच्या काकूंच्या मुलाने रिक्षा काढली. रस्ताभर आई रिक्षाबाहेर तोंड काढून बसली होती. तिचे ओठ जांभळे दिसत होते. बाबा तिचा हात धरून सारखं म्हणत होते, "आलंच वं, आलंच." दवाखान्यात ती दोन दिवस राहिली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, असं आणखी एकदा झालं तर मी काही सांगू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी मी वीज कार्यालयात गेले. मनात भाषण तयार होतं. अभियंता माझ्याच वयाचा निघाला, कानाला मफलर, टेबलावर डबा. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग उठला आणि एक फाइल काढली.

"मॅडम, तुमच्या वस्तीत गिझर नाहीत."

"मी सांगते ना, आहेत!"

"कागदावर नाहीत. सगळ्यांच्या सह्या आहेत. ही तुमची." त्याने माझी ठसठशीत रेघ दाखवली. मग फाइलमधून आणखी एक कागद काढला. माझं पत्रक. घडी न पडलेलं, टाचणी लावून ठेवलेलं. "हेसुद्धा जोडलंय आम्ही. छान लिहिलंय. आमच्या साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, लोक नाही म्हणतात तर काहून जास्त मोठा बसवायचा?"

माझ्या आयुष्यात शासनाने माझ्या पत्रकाची दखल घेतली ती ही एकदाच.

मी तरी सोडलं नाही. म्हटलं, "आणि तुम्ही? थंडीचा सर्व्हे मे महिन्यात केला. सोलर दुपारी चालणार, पाणी पहाटे लागणार. हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

"आराखड्यात वर्षातला सगळ्यात मोठा भार मेच्या दुपारी धरलाय," तो म्हणाला. "सकाळी सहाचा कोणी धरलाच नाही."

"का?"

त्याने फाइल मिटली. "सकाळी सहाला आमच्यातलं कोणी उठत नाही मॅडम."

प्रामाणिक माणूस होता. अशा माणसावर पत्रक लिहिता येत नाही, हा त्रास वेगळाच. त्याने तक्रार नोंदवून घेतली आणि ट्रान्सफॉर्मरवर भार मोजणारा मीटर बसवण्याचं कबूल केलं. महिन्यातला सगळ्यात मोठा भार त्यात टिपला जातो. आकडा क्षमतेच्या वर गेला तर मोठा ट्रान्सफॉर्मर मागता येईल.

"तोवर?"

"तोवर लोकांना सांगा, जरा जपून."

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं, माझ्या पत्रकाचा भाग सोडून. तोही बाबांनी सांगून टाकला. आई उशीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपल्या वस्तीत आधी एकच नळ होता, तुले आठवत नसन. दोन तास पानी. कोनी मारामारी केली का?"

"केली," बाबा म्हणाले.

"पयल्या आठवड्यात केली. मंग पाळी लावली. पान्याचा रिकामा गुंड ठेवाचा लायनीत, मानूस आपलं काम करून परत येत होता. कोनाचा गुंड कोनी सरकवला नाही. पाळी मीच लावत होती." तिने माझ्याकडे पाहिलं. "वही घे. तुले लिहाचा शौक हाये ना? लिही."

आणि बिछान्यात बसून, अधेमधे थांबून श्वास घेत, आईने सगळ्या वस्तीची आंघोळ माझ्याकडून लिहून घेतली. तिला कोण कुठे कामाला आहे, किती वाजता निघतं, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण म्हातारं आहे, सगळं पाठ होतं. झाडू खात्यातल्यांचे गिझर साडेचारला. मग शाळेची मुलं. ज्यांना कुठे जायचं नाही त्यांनी ऊन वर आल्यावर, म्हणजे त्या बिचाऱ्या सोलरलाही काही काम. एका वेळी एका गल्लीतली ठरावीक घरं, वीस मिनिटं, की बटण बंद. ज्या सर्व्हेला शासनाला महिना लागला होता तो आईने दीड तासात केला, आणि तोही बरोबर.

यादी घेऊन मी घरोघरी फिरले. समोरच्या काकू भडकल्या. "मी सव्वापाचले? काहून? माही सून सहाले आंग धुते, तिले झोप लागते."

"काकू, आईची तब्येत..."

"ते समजलं मले. पन हे कोनी ठरवलं?"

"आईने."

काकूंचा आवाज खाली आला. "तिनं ठरवलं? मंग आधी सांगाचं ना वं. मले वाटलं तू ठरवलं."

पाळी चालली. एकदाही वीज गेली नाही, एकही वीट मांडली गेली नाही. आई सकाळी दारात खुर्ची टाकून बसायची, आणि कुठे भलत्या वेळी लाल दिवा दिसला की नुसती खोकायची. तेवढं पुरायचं.

जानेवारीच्या शेवटी अभियंता मीटर बघायला आला, अकरा वाजता. आकडा वाचला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे वा! क्षमतेच्या आत आहे की. म्हणजे मोठ्याची गरजच नाही. तुम्ही लोकांनी उत्तम व्यवस्थापन केलं, मी अहवालात लिहितो."

म्हणजे बघा. मे महिन्यात आम्ही खोटं सांगितलं म्हणून ट्रान्सफॉर्मर छोटा आला. आता आम्ही शहाणपणाने वागलो म्हणून तो छोटाच राहणार होता. पुढच्या हिवाळ्यात चार घरं वाढली, एका घराने पाळी मोडली, की पुन्हा विटा, पुन्हा धूर, आणि डॉक्टर सांगू शकणार नव्हते ते सगळं. मी तावातावाने बोलायला तोंड उघडलं, पण आईने मला हाताने थांबवलं.

"साहेब, तुमी एक दिवस सकाळी सहाले या. आमी पाळी लावत नाही त्या दिवशी."

"पण बाई, मग ते मुद्दाम केल्यासारखं होईल."

"मुद्दाम तर आमी आता करून राहिलो. वस्तीतल्या पोरी सासरून आल्या तरी मले इचारते, काकू, आमची पाळी कधी. हे नाटक हाये साहेब. पाळी नसली म्हनजे खरी सकाळ."

तो कबूल झाला. पण वस्तीला सांगायचं मला होतं, आणि सांगायचं तर कागदावरच, कारण फॉर्मवरचं खोटं कागदानेच पसरवलं होतं. मी पुन्हा पत्रक लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यात अवघड. 'मे महिन्यात मी तुम्हाला गिझर लपवायला सांगितलं. ते चूक होतं. अमुक दिवशी सकाळी सहाला ज्याला जेव्हा हवं तेव्हा गिझर लावा. वीज गेली तर त्या दिवशी बिनआंघोळीचं कामावर जा, पण काहीही पेटवू नका.' बाबांनी वाचलं. पेन उचललं, खाली ठेवलं. एकही उद्गारचिन्ह घातलं नाही.

ती सकाळ आठवते. धुकं होतं. अभियंता माकडटोपी घालून, एका लाइनमनला घेऊन, पावणेसहाला हजर होता. आई शाल गुंडाळून चौकात उभी होती. मी वाफेच्या यंत्रासाठी काकूंच्या मुलाच्या रिक्षाची बॅटरी मागून ठेवली होती, आणि ती चालते का हे कालच चारदा बघितलं होतं. मी तिला म्हटलं, तू पारशिवनीला आत्याकडे जा ना आजच्या दिवस. ती म्हणाली, "आनि लोकायनं विटा मांडल्या तं? मी इथी उभी हावो म्हनून नाही मांडनार."

सहा वाजले. गल्लीगल्लीतून दिवे लागले. अभियंता मीटरकडे बघून आकडे मोठ्याने म्हणत होता, आणि त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. एका क्षणी तो नुसताच बघत राहिला. लाइनमन म्हणाला, "साहेब, मागे सरका." ते मागे सरकले आणि तोच आवाज आला.

अंधार. मी आईचा हात धरला. आम्ही सगळे नाकाने हवा हुंगत उभे राहिलो. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच. कुठूनही धूर आला नाही. एका अंगणातून कुणीतरी "हुऽऽ" करून ओरडलं, बहुतेक थंड पाणी अंगावर घेतलं असावं, आणि सगळी वस्ती हसली. समोरच्या काकू तोंड पुसत बाहेर आल्या आणि अभियंत्याला म्हणाल्या, "काय साहेब, दिसले का आता गिझर? मंग लिहा ना. आमच्याकडे एक हाये. तीन वर्षांपासून."

त्याने मोबाइलच्या उजेडात नवा फॉर्म काढला आणि माझ्यापुढे धरला. पहिलं घर आमचं. मी त्या रकान्यात 'आहे, एक' लिहिलं. रेघ मारली नाही.

तो निघताना आई त्याला म्हणाली, "तुमच्या घरी गिझर हाये ना? मंग जा, आंग धुऊन घ्या. आज आमच्याकडे नाही भेटनार."

मोठ्या ट्रान्सफॉर्मरची मंजुरी आली आहे. तो प्रत्यक्ष कधी येईल हे कार्यालयातलं कुणी सांगत नाही. विचारायला मी दर सोमवारी जाते, आणि आता मला तिथे चहा मिळतो. तोवर पाळी चालू आहे, आमची सव्वासहाची. आई दारात बसते, कमी खोकते.

एक अडचण मात्र झाली आहे. बाबा निवृत्त झाले तरी छापखान्यातून उरलेली पत्रकं अजून आणतात, त्यात माझीही असतात. पूर्वी ती सकाळपर्यंत संपायची. आता बंबच नाही. ती पलंगाखाली साचत चालली आहेत, आणि झाडू मारताना मला माझंच जुनं लिखाण बाहेर काढून वाचावं लागतं.